टाकीतल्याचा श्वास

४ फेब्रुवारी, रविवार

भित्रे मंडळ आलं होतं. हे गेले तेव्हा वाटलं होतं, आता कोण येतंय. पण येतात. पूर्वी माझी बिस्किटं संपवायचे, आता स्वतःची आणतात, एवढाच फरक.

मंडळ म्हणजे भुताखेतांच्या सिनेमांची वेडी माणसं. ह्यांचा धंदा राक्षस बनवण्याचा. सिनेमासाठी, हाताने, रबर आणि सिलिकॉन ओतून. त्यामुळे दर रविवारी दुपारी सगळे आमच्या मागच्या शेडमध्ये जमायचे आणि आठवड्यात लागलेल्या नव्या सिनेमाची चिरफाड करायचे. अजूनही करतात. आज बोगद्यातल्या भुताची पाळी होती.

"भूत कमी आणि धूर जास्त," कंपाउंडर म्हणाले. त्यांचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, पण मंडळात नाव पडलं ते पडलं.

"धूर हवाच होता," कवळी म्हणाली. "धूर नसता तर पाय दिसले असते. ते जमिनीला टेकतच नाहीत. सगळं कॉम्प्युटरवरचं."

"भुताचे पाय कुठे टेकतात?"

"उलटे असतात, पण टेकतात!"

ही मुलगी दाताच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवते, आणि ह्यांच्या राक्षसांचे दातही हीच करायची. कुठल्याही सिनेमाला कधी किंचाळलेली नाही. थेटरात सगळे डोळे झाकतात तेव्हा ही पुढे वाकून दातांची बैठक बघते.

मला त्यातलं काही झेपत नाही. इतकी वर्षं संसार केला, राक्षसांचे डोळे माझ्या भांड्यांच्या जाळीत वाळले, पण तेच डोळे पडद्यावर उघडले की मी उठून बाहेर.

चहा झाल्यावर दिग्दर्शक बाई आली. बाई कसली, पोर आहे. याच शेडमध्ये उपड्या बादलीवर बसून वाद घालायची. आता तिचा स्वतःचा सिनेमा होतोय, आणि त्यातला राक्षस, जुन्या घराखालच्या पाण्याच्या टाकीत राहणारा, ह्यांचं शेवटचं काम. अंग तयार आहे. डोक्याचा साचाही हे करून गेले. डोकं ओतायचं राहिलं. ते सगळं चादरीखाली तसंच पडून आहे.

"काकू, निर्माते म्हणतात कॉम्प्युटरवर करू," ती म्हणाली. "मी भांडून तीन मार्चपर्यंत थांबवलंय. त्या दिवशी ते इथे येणार. टाकीतला मरतो तो प्रसंग त्यांना समोर करून दाखवायचा. पटला तर राहील, नाहीतर..."

नाहीतर चादरीखालीच राहील. ते तिने सांगायची गरज नव्हती.

"डोकं कोण ओतणार पण?" कंपाउंडर म्हणाले.

"मी," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी कप गोळा केले.


७ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. तिला कुणीतरी कळवलंय. कंपाउंडरच असणार, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"आई, तू ओतणार? तू?"

"पाहिलंय की मी. ह्यांना मिसळून कोण द्यायचं?"

"मिसळणं वेगळं. शेड बंद कर म्हणाले होते ना मी? त्या वासात दिवसभर बसणार तू. तब्येतीचं काय?"

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

ती म्हणाली, "तू मेलेली नाहीस, आई." आणि दुसरंच काहीतरी विचारायला लागली. गॅसवाला आला का वगैरे.

बोलायला नको होतं तसं. पण शब्द गेला की गेला.


११ फेब्रुवारी, रविवार

मंडळाला आज यायचं नाही म्हणून सांगितलं. साचा उघडायचा तर मला गर्दी नको होती.

ह्यांची पद्धत अशी. आमचं लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडावर प्लास्टर घालून स्वतःचा चेहरा ओतून घेतला. मीच नाकात नळ्या धरून बसले होते. त्याला ते गाभा म्हणत. प्रत्येक राक्षसाची माती त्या गाभ्यावर चढायची. वर शिंगं येवोत की खवले, आत तेच. म्हणून तर सगळ्यांचा जबडा डावीकडे जरासा उतरता. मंडळाला वाटतं ती शैली आहे. ती दाढ काढलेली आहे.

मातीवर साचा घ्यायचा, मग साचा उघडून माती काढून टाकायची, साचा आणि गाभा यांच्यातल्या पोकळीत सिलिकॉन ओतायचं. ते धरलं की तीच कातडी.

साच्याचे दोन भाग पाचर मारून सोडवले. माती निघाली. आणि आत तो चेहरा दिसला, पोकळ, आत गेलेला. पोकळ चेहऱ्याची गंमत असते, आपण बाजूला सरकलो की तोही वळतो. मी खिडकीकडे गेले तर खिडकीकडे बघायला लागला. घाबरले नाही म्हणणार नाही. दाराची कडी काढून ठेवली.

याआधीचे राक्षस दांडगे होते. हा नाही. गाल बसलेले, कानशिलं खोल, डोळ्यांखाली खड्डे. राक्षसाला एवढं खंगवलं कशाला, असं मनात आलं. निर्मात्यांना भीती वाटली पाहिजे ना.

गाभ्याच्या मागे ह्यांचा दाढीचा आरसा सापडला. गेलं वर्षभर मी तो घरभर शोधत होते. फळीला टेकवून ठेवलेला, कडांना माती. शेडमध्ये दाढीचा आरसा कशाला नेला असेल, कोण जाणे.

हातांना भेगा पडल्यात म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून साचा आतून साफ केला. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

ओतलं. कंपाउंडर आले होते, त्यांच्या तागडीवर सिलिकॉनचे दोन्ही भाग तोलून मिसळले. बुडबुडे राहू नयेत म्हणून उंचावरून बारीक धार सोडली. कंपाउंडर म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधीच का नाही लागलात या धंद्याला?" म्हटलं, "एका घरात एक वेडा पुरे."

आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.


१६ फेब्रुवारी, शुक्रवार

वाया गेलं.

साचा सोडवला. कान, मान, डोक्याचा मागचा भाग झकास धरलेला. आणि चेहऱ्यावर ठिकठिकाणी कच्चं. चिकट, ओलं, बोट लावलं की तार येते. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटीखाली. म्हणजे नेमकं जे दिसणार तेच.

दिवसभर वाट पाहिली, वाळेल म्हणून. वाळत नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. लेकीला कळवलेलं नाही.


१८ फेब्रुवारी, रविवार

मंडळ. नवा सिनेमा सगळ्यांनी पाहून ठेवलेला, पण कुणी त्याचं नाव काढेना. सगळे त्या कच्च्या डोक्याभोवती उभे, म्हाताऱ्या डॉक्टरांसारखे.

"मिश्रण बरोबर होतं," कंपाउंडर म्हणाले. "मीच तोललं. कान बघा ना, धरलाय."

"मग बाकीचं का नाही धरलं?"

"काहीतरी लागलं असणार तिथे. साचा कशाने साफ केलात, वहिनी?"

मी हातमोजे आणून दाखवले. त्यांनी ते नाकाला लावले आणि कपाळावर हात मारला. "रबर! अहो, रबरात गंधक असतं. गंधक लागलं की हे सिलिकॉन जन्मात धरत नाही. दादांनी कधी सांगितलं नाही?"

दादा म्हणजे हे. त्यांनी नव्हतं सांगितलं. त्यांना वाटलं असेल, हिला कुठे ओतायला लागणार आहे.

"मग सगळीकडेच का नाही बिघडलं?" मी विचारलं.

"बाकी ठिकाणी फडक्याने पुसलं असेल. जिथे मोज्याचा हात घासून घासून फिरला, तिथेच बिघडलं."

"कपाळावर धूळ होती," मी म्हणाले.

कवळी ते डोकं बघत होती. तिने त्या ओल्या जागांवर, अंतर ठेवून, स्वतःचा हात धरून पाहिला. कपाळावर तळवा. मग गालावर. मग हनुवटीखाली चार बोटं. हात बरोबर बसत होता. मग तिने माझ्याकडे बघितलं. "मी चहा टाकते, काकू," म्हणून आत गेली. या मुलीने आजवर माझ्याकडे कधी चहा टाकलेला नाही.

आता डब्यात एका डोक्यापुरतंच सिलिकॉन उरलंय. ते बाहेरून येतं, नवं मागवलं तर तारीख उलटून जाईल. कंपाउंडरांनी साचा स्पिरिटने धुऊन वर लॅकरचा हात मारून दिला. जाताना रबरी हातमोजे घेऊन गेले आणि दुकानातले दुसरे, रबराचे नसलेले, देऊन गेले. "भांडी कशाने घासू?" म्हटलं. म्हणाले, "तीन मार्चपर्यंत घासूच नका."


२३ फेब्रुवारी, शुक्रवार

निघालं! पूर्ण. काल ओतलं, आज सोडवलं. एकही जागा कच्ची नाही.

टेबलावर ठेवून समोर बसले. जबडा डावीकडे जरासा उतरता.

एक गोष्ट लिहून ठेवते. कच्चं झालेलं डोकं कंपाउंडर फेकून द्यायला निघाले होते. नको म्हटलं. कपाटात वरच्या फळीवर आहे. उपयोग काही नाही त्याचा.


२७ फेब्रुवारी, मंगळवार

कवळीने दात बसवले. रंग दिग्दर्शक बाईनेच दिला, पातळ पातळ थर, खाली निळसर शिरा. भुवया मी एकेक केस सुईने रोवून केल्या. सुईकाम मला येतं. डोकं अंगाला जोडलं आणि टाकीतला जमिनीवर आडवा झाला.

जबड्याला तार आहे, ती कवळी ओढणार. छातीत आणि गळ्यात रबरी फुगे, त्यांची नळी पाठीतून बाहेर, आणि टोकाला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा. तो कंपाउंडर दाबणार. दाबला की छाती वर, सोडला की खाली.

दाबून पाहिलं. मोठी निराशा. इतका वेळ तो खरा वाटत होता, आणि श्वास घेतल्याबरोबर पिशवी झाला.

"जरा हळू," बाई म्हणाली.

त्यांनी हळू केलं. हळू चालणारी पिशवी.

"मरताना असं होतं का?" बाईने विचारलं. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं आणि ती म्हणाली, "म्हणजे, राक्षसाचं म्हणतेय मी, काकू." म्हटलं, "कळलं."


१ मार्च, शुक्रवार

वाचनालयातून बेडूक-मगरींचं पुस्तक आणलं. मी शाळा लवकर सोडली. वाचायची गोडी लागली ती ह्यांच्या पुस्तकांनी. हाडं, स्नायू, माशांचे जबडे, काय काय असायचं. शब्द अडला की हे शेडमधून ओरडून अर्थ सांगायचे. आता अडला तर पुढे जाते.

बेडकाबद्दल लिहिलंय की थंडीत चिखलात तो जवळजवळ श्वासच घेत नाही. गळा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. टाकीतला पाण्यातला प्राणी. त्याचंही तसंच असणार. कंपाउंडरांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "वहिनी, मला जमेल तसं करतो." त्यांचा सूर काही खरा वाटला नाही.

शेवटच्या दिवसांबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय, पण झोपेपर्यंत तेच डोक्यात राहणार, तेव्हा लिहून मोकळी होते. लेक पलंगाच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. नर्स सांगून गेली होती, श्वास मधे मधे थांबेल, घाबरू नका, पुन्हा सुरू होईल. तसंच व्हायचं. थांबायचा, आम्ही दोघीही थांबायचो, सुरू व्हायचा, आम्हीही सुरू व्हायचो. सकाळभर तेच. मग एकदा थांबला आणि आम्ही वाट बघत बसलो. खूप वेळ बसलो. चहा निवून वर साय धरली तरी वाट बघत होतो.

असो. परवा निर्माते येणार. शेड झाडून ठेवायची आहे.


३ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी निर्माते आले. वाईट माणूस नाही, सारखा घड्याळ बघत होता पण चहाला नको म्हणाला नाही. बरोबर कॉम्प्युटरवर चित्रं करणारा एक तरुण. त्याने टाकीतल्याच्या भुवया जवळून पाहिल्या आणि विचारलं, "हे केस हाताने लावलेत?" हो म्हटलं. "मला याला चार दिवस लागले असते," तो म्हणाला. मला पाच लागले होते. सांगितलं नाही.

मंडळ भिंतीला लागून. खिडक्यांना काळं कापड. बाईने एकच दिवा ठेवला आणि कॅमेरा लावला. टाकीतला जमिनीवर, अंगावर पाणी मारलेलं. कवळी त्याच्या डोक्यामागे तार धरून पालथी. कंपाउंडर कापडाआड फुगा घेऊन, आणि मी त्यांच्या शेजारी, पाण्याचं भांडं धरून.

सुरू केलं. वर, खाली. वर, खाली.

निर्माते बघत होते. मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "दिसायला छान आहे," ते म्हणाले. "पण हे घड्याळ चाललंय."

"पुन्हा करू," बाई म्हणाली.

पुन्हा केलं. कंपाउंडरांना घाम फुटलेला. त्यांनी बेडकासारखं करायचा प्रयत्न केला तर उचकी लागल्यासारखं झालं. भिंतीकडून कुणीतरी हसलं. मंडळातलाच माणूस, आपलाच. निर्मात्यांनी चष्मा काढून खिशात घातला. बाईकडे मी बघितलंच नाही.

"द्या इकडे," मी म्हणाले.

"वहिनी..."

"द्या हो."

फुगा हातात घेतला. त्यांच्या घामाने ओला होता, पदराला पुसला. मी टाकीतल्याकडे बघितलं आणि दाबला.

कसं केलं ते सांगता येणार नाही. आधी दोन उथळ. मग एक लांब, वर जाताना मधेच अडकणारा. मग सोडला आणि थांबले. पुन्हा उथळ. कवळीने तार जराशी ओढली, तोंड किंचित उघडलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं. माझा हात थांबला की तिचाही थांबत होता. हळूहळू शेडमधलं कुणीच हलेना. कुणीतरी खोकला दाबला. मी थांबले की तेही सगळे थांबत होते, श्वासच घेत नव्हते, हे मला ऐकू येत होतं.

मग एक लांब. आणि सोडला.

आणि थांबले.

इथे तो मरतो. बाईने लिहिलंय तसं. एवढ्यावर फुगा खाली ठेवायचा होता. मला माहीत होतं. बाईने हातही वर केला होता, कॅमेरा थांबवायला, पण तिचा हात तसाच राहिला. पाण्याचा एक थेंब त्याच्या कपाळावरून ओघळून डोळ्याच्या कडेला आला. निर्माते पुढे वाकले. मी त्या छातीकडे बघत होते. किती वेळ गेला असेल. कॉम्प्युटरवाल्या मुलाने हळूच "गेला" असं म्हटलं.

मग मी दाबला.

पूर्ण दाबला, दोन्ही हातांनी. त्याची छाती धाडकन वर आली, गळा फुगला, तोंडातून हवा ओढल्याचा आवाज झाला, आणि कवळी किंचाळली. आमची कवळी! तार हातातून सुटली, जबडा वाजला, आणि मग सगळेच ओरडले. निर्माते मागच्या बादलीवर बसले ते बादलीसकट कलंडले. कुणाचा तरी पाय दिव्याला लागला. अंधारात सगळे एकमेकांना धरून ओरडत होते आणि मग हसत होते, आणि मी दाबत होते. वर, खाली, वर, खाली. कंपाउंडरांनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबले.

"पुरे, वहिनी," ते म्हणाले. "झालं. झालं आता."

दिवा लागल्यावर निर्माते उठून कपडे झटकत होते. "हाच ठेवा," एवढंच म्हणाले. मग दारातून परत फिरले. "पण तो मरणार होता ना?"

बाई माझ्याकडे बघत होती. "आता नाही मरत," ती म्हणाली. "लिहीन मी बदलून."

सगळे गेल्यावर कवळी थांबली. पाणी पुसायला लागली. म्हटलं, "अगं, तू कशी किंचाळलीस?"

"मला वाटलं, संपलं," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघून वाटलं, काकू." आणि फडकं पिळत बसली.

तिला सांगितलं, ते बेडकाचं आहे, पुस्तकात आहे. ती बरं म्हणाली.


४ मार्च, सोमवार

बाईने तो तुकडा लेकीला फोनवर पाठवला. सकाळी लेकीचा फोन आला.

"पाहिलंस का?" मी विचारलं. "चेहरा कसा झालाय?"

"आई, तो चेहरा..." ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "श्वास तू दिलास?"

"हो. बेडकाचा आहे. थंडीत त्यांचं तसंच असतं."

"बेडकाचा."

"पुस्तक आहे माझ्याकडे. दाखवीन आलीस की."

बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. रडत होती बहुतेक.

"आणि शेवटचा?" ती म्हणाली. "इतका वेळ थांबून, सगळे गेला म्हणत असताना जो दिलास, तो कुठल्या पुस्तकात आहे?"

"तो नाही पुस्तकात. तेवढा मी घातला."

"बरं केलंस," ती म्हणाली. शनिवारी येते म्हणाली. शेड बंद करायचं काही बोलली नाही.

दुपारी शेड आवरली. टाकीतल्याला उद्या घेऊन जाणार आहेत, म्हणून अंग पुसून कोरडं केलं, कपाळही पुसलं, या वेळी नुसत्या हाताने. गाभा जागेवर ठेवला. दाढीचा आरसा घरात आणून बाथरूममधल्या त्याच्या खिळ्याला लावला. कडेची माती निघत होती, पण खरवडली नाही. त्या आरशात बघायचं तर मला टाचा उंच कराव्या लागतात. केल्या.